ड्यूटीच्या तक्त्यावरचा तास

चिघळलेली जखम धुताना नर्स तोंडाने श्वास घेते. वास आला तरी तो चेहऱ्यावर उमटता कामा नये. गॉज ओढायचा नाही, सलाइनने भिजवून हळूहळू सोडवायचा, मेट्रोनिडाझोलची पूड पेरायची आणि हे सगळं चालू असताना रुग्णाशी त्याच्या गावच्या पावसापाण्याबद्दल बोलत राहायचं. हे शिकवता येतं. ती खोलीबाहेर आल्यावर तिच्या आत काय होतं, ते आम्हाला नर्सिंगच्या वर्गात कुणी शिकवलं नाही.

बेंगळुरूत मारतहळ्ळीजवळ ‘करुणाश्रय’ हे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीची कर्नाटक शाखा आणि इंदिरानगरचा रोटरी क्लब यांनी १९९४ साली त्यासाठी ट्रस्ट उभारला, १९९९ मध्ये वास्तू उभी राहिली. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. वास्तुरचनाकार संजय मोहे यांनी मधोमध पाणी ठेवलं आणि वॉर्ड बागेकडे उघडे केले. रुग्णाच्या नजरेला विसावा मिळावा याचा विचार तिथे दगडापासून झालेला आहे. नर्सच्या मनाचा विचारही इतक्याच मुळापासून, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यापासून, व्हायला हवा. हॉस्पिस कुठलंही असो.

मी त्यासाठीच हॉस्पिसमधल्या नर्सेसच्या तासाभराच्या बैठका घेते. चार-पाच जणी, दार लावलेलं, फोन बंद, वॉर्डात त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी. तिथे बोललेलं त्यांच्या गोपनीय अहवालात जात नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते खरं आहे यावर विश्वास बसायला बरेच आठवडे लागतात.

या बैठकांत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. खाणाखुणा पुसून सांगते. नवी नर्स ठरल्या वेळी मॉर्फिनचा डोस देते. तासाभरात रुग्ण जातो. ती कागद पूर्ण करते, अंग पुसते, नातेवाइकांना पाणी देते, हँडओव्हर देऊन हॉस्टेलवर जाते. झोप येत नाही. पुढे कित्येक दिवस मॉर्फिनचं कपाट उघडताना तिचे हात थंड पडतात. आपण मारलं, असं तिला वाटत असतं; पण हे बोलायचं कुणाजवळ? खोलीतली मैत्रीण नाइट करून आलेली असते. आईला सांगावं, तर ती नोकरी सोड म्हणेल.

बैठकीत आम्ही तिची समजूत घालत नाही. आधी चार्ट उघडतो. डोस किती होता? दर चार तासांनी तोच चालू होता ना? आदल्या दिवशीपासून पाय गार होते का? श्वासामध्ये खंड पडत होता, घशात घरघर होती, हे कुणी नोंदवलं होतं? ती स्वतःच एकेक उत्तर देत जाते आणि मरण डोसच्या आधीच येऊन ठेपलेलं होतं, हे तिला नोंदींतून दिसू लागतं. मगच रडू येतं. त्या रडण्याला घाई करायची नाही. अशा बैठकांना ‘सुपरव्हिजन’, म्हणजे देखरेख, म्हणतात. समुपदेशन शिकवणाऱ्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात तिची तीन कामं सांगितली: कामाचा दर्जा राखणं, शिकवणं आणि माणसाला पुन्हा उभं करणं. माझ्या अनुभवात ही तिन्ही त्या एका चार्टवरच होतात.

स्वतःची काळजी घ्या, योग करा, छंद जोपासा, असं नर्सेसना सगळेच सांगतात. योग चांगलाच, पण बारा तासांत पाणी प्यायला आणि लघवीला जायला फुरसत नसेल, तर हा सल्ला तिच्याच माथी आणखी एक काम मारतो. आधी तिला जेवायला बसू द्या.

मनोविश्लेषक इसाबेल मेंझिस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला. नर्सेसची कामं अशी वाटून दिलेली होती की कुणाचाच एका रुग्णाशी फार संबंध येऊ नये. रुग्णाचा उल्लेखही नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने व्हायचा. त्यामागे स्वतःला वाचवण्याची धडपड होती. हॉस्पिसमध्ये हा आडोसा चालत नाही. इथे नर्सला रुग्णाचं नाव ठाऊक असतं, मुलीचं लग्न कधी आहे तेही ठाऊक असतं. ‘त्यांना सांगू नका’ असं घरच्यांनी बजावलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता रुग्ण तिलाच विचारतो, ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ डॉक्टर तेव्हा नसतात. तिने काय म्हणावं, याचा आम्ही बैठकीत सराव करतो. आधी विचारायचं, ‘तुम्हाला काय वाटतंय?’ आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यांत अवघड जातं.

गृहभेटीच्या नर्सला तर वॉर्डही नसतो. एका घरातून निघून दुसऱ्या घरी पोहोचेपर्यंत रिंग रोडवरच्या गर्दीत जो वेळ जातो, त्यातच ती ड्रायव्हरजवळ मन मोकळं करते. कित्येक ड्रायव्हर हे ओझं मुकाट्याने वाहतात. बैठकीला त्यांनाही बोलवायला हवं.

तासाभराच्या बैठकीसाठी वॉर्डात बदली नर्स लागते, म्हणजे पैसा लागतो. देणगीवर चालणाऱ्या संस्थांना खाट दाखवून देणगी मागता येते, हा तास दाखवणं कठीण. तरीही तो मागायला हवा, आणि नर्सच्या सुट्टीतून नव्हे, ड्यूटीतून. बैठक घेणारी व्यक्ती तिची वरिष्ठ नसावी. त्या व्यक्तीलाही महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणासमोर बसून बोलता यायला हवं. मी बसते, आणि त्या आठवड्यात कोण कोण गेलं त्यांची नावं घेते.