रंगवून विकायला काढलेलं घर घ्यावं, की जुनं घर घेऊन स्वतः दुरुस्त करावं?



परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका सरांनी डबा उघडण्याआधी मोबाईल पुढे केला. दोन घरांचे फोटो होते. दोन्ही तालुक्याच्या गावी, एकाच रस्त्यावर, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची रो-हाऊस. पहिलं एकदम चकाचक. नव्या टाइल्स, पीओपीचं छत, मॉड्युलर किचन, हॉलच्या एका भिंतीला लाकडासारखं दिसणारं पीव्हीसी पॅनेल. किंमत ३८ लाख. दुसऱ्याचा रंग उडालेला, मोरीत शहाबादी फरशी, खिडकीची एक चौकट वाळवीने खाल्लेली. किंमत ३१ लाख. "मॅडम, यातलं कोणतं घेऊ? तुम्ही एकदा अनुभव घेतलाय ना!"

अनुभव घेतलाय म्हणजे काय, चांगलाच घेतलाय. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही असंच नुकतं रंगवलेलं घर घेतलं. विकणाऱ्याने ते काही महिन्यांपूर्वीच स्वस्तात घेऊन, नटवून आम्हाला विकलं होतं. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या असतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. जुलैमध्ये पुस्तकांचं कपाट भिंतीपासून सरकवलं, तर मागे बुरशीचा हिरवट पट्टा आणि खालच्या कप्प्यातली पाठ्यपुस्तकं ओली. पॅनेल काढलं तेव्हा कळलं की ते शोभेसाठी नव्हतंच, ओल झाकायला होतं. त्या पावसाळ्यात मुलीचा खोकला काही थांबेना.

सरांना मधल्या सुट्टीत जेवढं सांगता आलं ते सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

आधी ती ओल येते कुठून ते बघू. आपण वर्गात खडूचा प्रयोग करतो. बशीत थोडं शाईचं पाणी घेऊन खडू उभा ठेवला की रंग हळूहळू वर चढतो. वीट आणि प्लास्टर तसंच वागतात. जोत्यावर ओल रोखणारा थर नसेल किंवा तो खराब झाला असेल, तर जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, बरोबर क्षार आणतं, आणि पाणी सुकलं की पांढरा खार फुटतो. त्यावर पुट्टी आणि रंग मारला तर एक उन्हाळा छान निघतो, कारण वर चढणारं पाणी कोणी थांबवलेलंच नसतं.

छताचंही तसंच. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. स्लॅबमधली सळई गंजून फुगते, काँक्रीटला आतून ढकलते, मग पापुद्रे सुटतात आणि एक दिवस तुकडा खाली पडतो. खरी दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट काढणं, सळई घासून साफ करणं, गरज असेल तिथे नवी जोडणं, गंजरोधक लावून पुन्हा भरणं, आणि वरून येणारं पाणी बंद करणं. याला पैसा लागतो आणि फोटोत ते दिसत नाही. खालून पीओपीचं छत टांगणं त्यामानाने स्वस्त, आणि फोटोत काय सुंदर दिसतं! म्हणून जुन्या घरात नवं पीओपी दिसलं की दिव्यासाठी पाडलेल्या भोकातून टॉर्च मारून वरचा स्लॅब बघा. दिवा काढायला विकणारा नको म्हणाला, तर तेही उत्तरच समजा.

बाथरूममध्ये एक रुपयाचं नाणं घेऊन जा. टाइलवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर मागे माल नीट भरलेला नाही. दाराच्या उंबऱ्याजवळ टाइलची जाडीही बघा, कारण जुनी फरशी न उखडता टाइलवर टाइल चिकटवलेली असू शकते. म्हणजे खालचा जुना पाईप आणि वॉटरप्रूफिंग जसंच्या तसं. वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर त्याचं भोक बंद करून पाणी साठवायचं आणि एक-दोन दिवसांनी खालचं छत बघायचं. व्यवहार ठरण्याआधी एवढं मागायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो.

वायरिंगबाबत नवी बटणं बघून फसू नका. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा असू शकतात आणि अर्थिंग नुसतं नावाला. ओळखीचा वायरमन घेऊन एक-दोन बोर्ड उघडून बघा. गीझरला साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. तिथे दिव्याची दीडची तार असेल तर बाकीच्या घरात काय केलं असेल याचा अंदाज येतो. आणि हॉल नेहमीपेक्षा मोठा वाटला तर मंजूर नकाशा मागा. मध्ये भिंत होती का, ती स्लॅबचा भार घेणारी होती का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

आता हिशेब. दोन घरांत फरक ७ लाखांचा. हे ७ लाख साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात गेले, तर महिन्याला सुमारे ६,०७५ रुपये, आणि एकूण फेड जवळजवळ १४ लाख ५८ हजार. (वरच्या वर्गांना टक्केवारी शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावं, मुलं घरी जाऊन सांगतात!) मग स्वस्त घरच घ्यावं असं वाटेल, पण थांबा. बँक किमतीच्या ८० टक्के देते असं धरलं, तर ३८ लाखांच्या घराला खिशातून ७ लाख ६० हजार लागतात. ३१ लाखांच्या घराला ६ लाख २० हजार, आणि वर दुरुस्तीचे, समजा, ५ लाख. म्हणजे ११ लाख २० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी दोन्हीकडे वेगळी. स्वस्त घरालाच हातात रोख जास्त लागते. दुरुस्तीसाठी पतसंस्थेचं कर्ज मिळेल, पण त्याचा व्याजदर बहुतेक वेळा गृहकर्जापेक्षा चढा असतो. आयकरातही जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या खरेदीच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे, दुरुस्तीच्या कर्जाला मात्र ३० हजारच.

शिवाय दुरुस्ती चालू असताना भाडंही चालूच. मिस्त्री उद्या येतो म्हणतो आणि तो उद्या पुढच्या आठवड्यात उगवतो. आपण मे महिन्याच्या सुट्टीवर भिस्त ठेवतो, पण नव्या प्लास्टरला आठवडाभर पाणी मारावं लागतं, नंतर ते पुरतं सुकू द्यावं लागतं. घाईने रंग दिला तर पोपडे धरतात. १५ जूनला शाळा सुरू, तोवर पाऊस दारात. मे महिन्यात छत, ओल, पाईप आणि तारा एवढंच करा. फरशी, कपाटं, रंग दिवाळीच्या सुट्टीत झाले तरी काही बिघडत नाही. जुनं घर उघडलं की आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून अंदाजाच्या वर आणखी चौथा हिस्सा बाजूला ठेवावा असं माझं मत आहे. आणि मजुरीचा शेवटचा हप्ता एक पाऊस होईपर्यंत देऊ नये.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे, दोघंही नोकरीला, कामावर लक्ष ठेवायला कोणी नाही, त्यांनी तयार घर घेतलं तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. आणि चांगलं काम करून विकणारेही असतात. ओळखायचं कसं? त्यांच्याकडे काम चालू असतानाचे फोटो असतात. उखडलेली मोरी, उघडी सळई, भिंतीतले नवे पाईप. वॉटरप्रूफिंगचं बिल असतं, वायरमनचा नंबर देतात. असा पुरावा असेल तर जास्तीचे पैसे जरूर द्या, कारण ते काम तुम्हालाही करावंच लागलं असतं. पुरावा नसेल तर त्या चकचकाटाची किंमत शून्य धरा आणि शेजारच्या न रंगवलेल्या घराचा भाव बोला.

भाव बोलताना एक कागद फार उपयोगी पडतो, तो म्हणजे इंडेक्स २. विकणाऱ्याने घर कधी आणि किती मोबदल्याला घेतलं ते त्यावर छापलेलं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. आमच्या घराचा मी नंतर पाहिला, आणि पाहायलाच नको होता असं झालं. घर विकणाऱ्याच्या नावावरच नसेल, तो साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र दाखवून विकत असेल, तर जास्त सावध राहा. नुसत्या अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. मूळ मालक नोंदणीला हजर राहून खरेदीखत करून देणार का, ते वकिलाकडून आधी पक्कं करा. फ्लॅट असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं ३ वर्षांतून एकदा ऑडिट अपेक्षित आहे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्या घरवाल्याला फोन करून कामाचे फोटो मागितले. "पाठवतो" म्हणाला. आज सहावा दिवस, अजून आलेले नाहीत. दरम्यान पहिला जोराचा पाऊस झाला की त्या रविवारी दोन्ही घरं पुन्हा बघायची असं ठरलंय. टॉर्च सर आणणार आहेत, नाणं माझं.