रानफुलांचे चित्र आणि काढणारीचे नाव



पावसाळा सरत आला की त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा भागातले डोंगर फुलांनी भरून जातात. उतारांवर सोनकी पिवळी होते, बांधांवर तेरडा फुलतो. पण तेरड्याचा रंग तीन दिवस! म्हणून या फुलांची आठवण घरात राहावी, नाताळात कुणाला भेट देता यावी, यासाठी आपल्यापैकी अनेकजण हाताने काढलेली वारली चित्रे आणि भेटकार्डे विकत घेतात. आपण नेमके काय विकत घेतो, हे समजावे म्हणून हा लेख.

वारली चित्राचे फुलझाडाशी नाते रंग लावण्यापूर्वीच जुळलेले असते. सह्याद्रीत कारवी नावाचे झुडूप वाढते. साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच ते निळ्या-जांभळ्या फुलांनी बहरते आणि बी धरून वाळून जाते. या कारवीच्या सरळ काठ्या उभ्या बांधून घराचा कूड करतात. त्यावर माती आणि शेणाचा लेप देतात, वर गेरू लावतात. तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगाने आणि टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र उमटते ते या भिंतीवर. म्हणजे ज्या झुडपाचा बहर पाहायला शहरातून माणसे येतात, तेच झुडूप डोंगरातल्या घराची भिंत होते.

या चित्रात फूल फुलदाणीतल्यासारखे एकटे दिसत नाही. झाड, वेल, पक्षी, जनावरे आणि माणसे यांच्या सोबतीने ते येते. रंग एकच, पांढरा. ठिपके आणि रेघा यांतूनच फांदी, पान आणि फूल ओळखायचे.

मूळात ही चित्रे जपून ठेवण्यासाठी नव्हती. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक काढत. चौकात पालघट देवी, भोवती नक्षी आणि झाडे. धवलेरी लग्नाची गाणी म्हणे. पुढे भिंत पुन्हा सारवली की चित्र जाई. त्याखाली कुणी नाव लिहीत नसे, कारण ते कुणाला विकायचेच नव्हते.

1970च्या दशकात हे बदलले. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातल्या या कलेकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर आणि कापडावर आले. गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे देशोदेशी पोहोचली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. त्यांनी या कलेला मोठा मान मिळवून दिला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांची नावे बाहेर फारशी कुणाला ठाऊक झाली नाहीत.

बिहारच्या मिथिला भागातही भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकाच होत्या. 1966-67च्या दुष्काळात हाताला काम मिळावे म्हणून त्यांना कागद देण्यात आला. त्यांपैकी जगदंबा देवींना 1975 साली, सीता देवींना 1981 साली आणि गंगा देवींना 1984 साली पद्मश्री मिळाली. आज संग्राहक एखादे चित्र ‘मधुबनी’ एवढ्यावर घेत नाहीत. ते गंगा देवींचे की सीता देवींचे, हे विचारतात. नाव असले की हात ओळखला जातो आणि हात ओळखला गेला की मोबदला मागता येतो.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ते साऱ्या कलेचे आहे. समोरचे चित्र कुणी काढले, हे ते सांगत नाही. बाजारात छापील वारली नक्षीचे कप, पिशव्या आणि चादरी पुष्कळ मिळतात. त्यांतला किती पैसा पाड्यापर्यंत जातो, हे त्या वस्तूवरून कळायला मार्ग नसतो.

म्हणून खरेदी करताना थोडे थांबा. चित्र तिरके धरून पाहा. हाताने काढलेल्या रेघेची जाडी कमी-अधिक होते, दोन ठिपके अगदी सारखे नसतात. छपाईत सारे एकसारखे आणि सपाट असते. मग विचारा: हे कुणी काढले? कोणत्या गावचे? किती दिवस लागले? चित्राच्या मागे काढणारीचे नाव, गाव आणि साल तिच्याच हाताने लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तिच्यासमोर दुसऱ्याने लिहावे. आणि किमतीत घासाघीस करण्यापूर्वी तिच्या दिवसांची मजुरी मनात धरा.

घरी आणल्यावर चित्र ओलीपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवा. तांदळाचा रंग असेल तर त्याला कीड लागू शकते. काच लावताना ती चित्राला टेकू देऊ नका, आणि लॅमिनेशन तर नकोच.

आणखी एक विनंती. खरी रानफुले वाळवून चौकटीत बसवलेली दिसली, तर ती कुठून आली हे जरूर विचारा. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात सापडली. त्या डोंगराचेच नाव तिला शास्त्रात दिले आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. अशी फुले फार थोड्या जागी उगवतात. ती डोंगरावरच राहू द्यावीत. घरात चित्र ठेवावे, आणि पाहुण्याने विचारले तर ते काढणारीचे नाव आणि गाव सांगावे.