अडखळ नेमकी कुठे?

महाड-पोलादपूर पट्ट्यात विजेवर चालणारं काहीही बिघडलं की पहिला संशय लाईटवर जातो आणि दुसरा ओलीवर. दोन्ही संशय अनुभवातून आलेले आहेत. जुलै २०२१च्या महापुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येणारी मशीन आधी वाळवायची आणि मगच उघडायची, हाच नेम होता. त्यामुळे पोलादपूरचा एक कॉलेजातला मुलगा सीपीयू आणि नवा मॉनिटर घेऊन एसटीने महाडला आला, तेव्हा निदान त्याच्याकडे तयार होतं. "दादा, आमच्याकडे व्होल्टेज डाऊन असतं. त्यानेच गेम अडखळतो."

गेम गाड्यांच्या शर्यतीचा. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरेख पळायची. शहरात शिरली आणि पाऊस सुरू झाला की चित्र धक्के खात सरकायचं. दुकानातल्या यूपीएसवर लावून पाहिलं, तर तोच पाऊस, तोच चौक आणि तेच धक्के. लाईटचा दोष असता तर तो गेममधला रस्ता बघून आला नसता. एक संशयित तिथेच सुटला.

मुलाला खरं दुःख वेगळंच होतं. हा मॉनिटर त्याने मुद्दाम घेतला होता, कारण खोक्यावर ७५ हर्ट्झ आणि अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक असं छापलेलं होतं. म्हणजे नेमका हा धक्का घालवणारं तंत्र त्यात होतं, आणि धक्का तरीही होता.

साधा मॉनिटर एसटीसारखा वेळापत्रकावर चालतो. ७५ हर्ट्झचा असेल तर दर १३.३ मिलिसेकंदांनी गाडी सुटणार; चित्र तयार नसेल तर ते पुढच्या गाडीला. अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक म्हणजे वडाप, चित्र आलं की निघायचं. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३मध्ये माँट्रियलला हेच तंत्र जी-सिंक या नावाने दाखवलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं सर्किट बसवावं लागायचं. जानेवारी २०१४मध्ये एएमडीने फ्रीसिंक दाखवलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं. म्हणून आज स्वस्त मॉनिटरवरही ते मिळतं, पोलादपूरच्या घरातसुद्धा पोचतं. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

मग नेहमीची झाडाझडती झाली. केबल बदलली. ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकला. मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद केलं. फरक शून्य. कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा, आकडा पावसात ४५च्या आसपास असायचा, आणि ४५ काही इतका वाईट नाही.

इथे स्कॉट वासन या पत्रकाराची आठवण ठेवावी लागते. २०११ साली ‘टेक रिपोर्ट’मध्ये त्याने दाखवून दिलं की सेकंदाला किती चित्रं, ही सरासरी फसवी आहे, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मोजा. सेकंदात साठ चित्रं आली तरी त्यातलं एक जरी रेंगाळलं तरी डोळ्याला ठेच लागते. ग्राफिक्स कार्ड तपासायची सगळी पद्धतच त्यानंतर बदलली. आम्हीही चित्रागणिक वेळेचा आलेख पडद्यावर लावला आणि गाडी पावसात घातली. रेघ उंचसखल होईल अशी अपेक्षा होती. रेघ सपाट निघाली! दर २२ मिलिसेकंदांना एक चित्र, अगदी शिस्तीत.

म्हणजे कार्ड निर्दोष होतं. चित्रं वेळेवर निघत होती, डोळ्यापर्यंत वेळेवर पोचत नव्हती. चोर त्या दोघांच्या मध्ये, मॉनिटरमध्येच होता.

बऱ्याच मॉनिटरच्या मेनूत माहितीचं एक पान असतं, त्यावर पडदा या क्षणी किती हर्ट्झवर चालला आहे ते दिसतं. ते पान उघडं ठेवून मुलगा गाडी चालवू लागला आणि मी फक्त तो आकडा बघत राहिलो. मोकळ्या रस्त्यावर ६१, ५८, ६३. शहराच्या वेशीवर ५४. पाऊस सुरू झाला, ५१, ४९... आणि आकडा एकदम ७५वर उडाला आणि तिथेच गोठला. त्याच क्षणी मुलगा ओरडला, "आता! आता अडखळलं!"

गेम मंदावला आणि पडदा मात्र पूर्ण वेगाने धावू लागला. वडाप थांबली होती, एसटी सुरू झाली होती.

प्रत्येक मॉनिटर स्वतःची ओळख संगणकाला सांगतो, १२८ बाइटच्या एका छोट्या तुकड्यात. त्यात पडद्याची वेगमर्यादा असते. ती वाचली: ४८ ते ७५. खोक्यावर फक्त वरचा आकडा होता. ४८च्या खाली गेलं की हा मॉनिटर गेमचा हात सोडून देत होता आणि ठरलेल्या ७५वर जात होता. आता ४५ चित्रं ७५ ठोक्यांत बसवायची म्हणजे तीन चित्रांना पाच ठोके: एक चित्र दोन ठोके, दुसरं दोन, तिसरं एकच. २६.७ मिलिसेकंद, पुन्हा २६.७, मग १३.३. सरासरी बरोबर ४५ भरते, कोपऱ्यातला आकडा खोटं बोलत नाही, आणि डोळा मात्र दर तिसऱ्या चित्राला ठेचकाळतो.

यावर उतारा आहे, तो एएमडीने नोव्हेंबर २०१५च्या ड्रायव्हरमध्ये आणला. वेग खालच्या मर्यादेपेक्षा कमी झाला तर तेच चित्र दोनदा दाखवायचं. ३० चित्रं असतील तर पडदा ६०वर चालवायचा. मग या मॉनिटरवर तो का लागू होईना? गणित कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं. ४५ची दुप्पट ९०, पडद्याची धाव ७५पर्यंत. ३८पासून ४७पर्यंतचा प्रत्येक वेग असा आहे की एकपट खाली पडतो आणि दुप्पट वर जातो. त्याला जागाच नाही. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या किमान दुप्पट असेल तरच ही युक्ती चालते; म्हणून ड्रायव्हर इथे ती सुरूच करत नव्हता. आणि पावसात मुलाची गाडी नेमकी त्याच पट्ट्यात फिरत होती.

खालची मर्यादा ३७वर आणली तर? ३७ दुणे ७४, ७५च्या आत. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी नावाचं एक फुकट साधन आहे. ते मॉनिटरला हात लावत नाही. विंडोजच्या नोंदीत मर्यादा बदलून ठेवतं आणि ड्रायव्हर तीच खरी मानतो. ४८चे आधी ४५ केले, मग ४०, मग ३७. प्रत्येक वेळी काळोख्या दृश्यात पडदा लुकलुकतो का ते नीट पाहिलं, कारण मर्यादेखाली प्रत्येक पॅनेल तग धरतंच असं नाही. या पॅनेलने धरला. गाडी पावसात शिरली. मेनूतला आकडा ४६, ४४, ४५ असा उतरत गेला आणि गेमसोबतच राहिला. मुलगा काही बोलला नाही, सबंध शहर एका दमात फिरून आला.

नवा मॉनिटर घेणाऱ्याने दुकानात खालचा आकडा विचारावाच. ४८ ते ७५ असेल तर मध्ये भोक आहे. ४८ ते १४४ असेल तर नाही. खोक्यावर हे छापलं जायला हवं, असं माझं ठाम मत आहे, कारण गावातून पैसे साठवून वस्तू घेणाऱ्याला दुसरा कुठलाच पुरावा हातात नसतो.

मुलाला दोन गोष्टी लिहून दिल्या. ही दुरुस्ती या संगणकापुरती आहे. विंडोज नव्याने टाकलं की पुन्हा करावी लागेल, आणि पडदा काळा राहिला तर त्याच साधनासोबत येणारी रीसेट फाइल चालवायची. दुसरी, नवीन शहर पहिल्यांदा उघडताना एखादा मोठा झटका अजूनही बसेल. त्या वेळी आलेखाची रेघ एकदाच ताडकन वर जाते. तो बहुतेक वेळा गेम तिथल्या तिथे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करतो त्याचा असतो, आणि त्याचा मॉनिटरशी संबंध नाही.