पाटा वाढवला, धक्का का वाढला?

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाला लॉर्ड रे यांचे नाव आहे. ते १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. स्थानकाच्या पूर्वेला दारुखान्याचा लोखंडबाजार पसरला आहे. तेथे पोलादी पत्रे, सळया आणि नळ लादलेले ट्रक सतत ये-जा करतात. असा एखादा ट्रक कडेला उभा असेल तेव्हा त्याच्या मागच्या चाकाकडे बाजूने नीट पाहा. ॲक्सलवर पोलादी पट्ट्यांची एक चळत बसवलेली दिसेल. सर्वांत वरची पट्टी लांब आणि होडीसारखी किंचित वाकलेली, तर तिच्याखालच्या पट्ट्या क्रमाने आखूड असतात. या पट्ट्यांना गॅरेजमध्ये ‘पाटे’ म्हणतात. ट्रकचा सगळा भार या पाट्यांवर तोललेला असतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमिअर पद्मिनी’ टॅक्सीतही मागच्या बाजूला असेच पाटे होते. पुढच्या चाकांना मात्र वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. २००० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर चालू लागल्या आणि डिकीत पोलादी सिलिंडर आला. गाडीची मागची बाजू खाली बसू लागली की गॅरेजमध्ये ठरलेला उपाय सांगितला जातो, “एक पाटा वाढवा!” पाटा वाढला की गाडी वर उचलली जाते आणि मालकाला वाटते, गाडी सुधारली. पण रिकाम्या गाडीत बसणाऱ्याला पूर्वीपेक्षा अधिक धक्के बसू लागतात. असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

हूकचा नियम आणि पाटा

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली एक साधा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर जितके बल लावावे, तितक्या प्रमाणात ती ताणली किंवा दाबली जाते. स्प्रिंग १ सेंटिमीटर दाबण्यासाठी जेवढा भार लागतो, त्याला आपण तिचा ‘ताठपणा’ म्हणू.

पाट्यांच्या बाबतीत हा नियम वर्गात सहज पडताळता येतो. एक फुटाची पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट धरून तिच्या टोकाला वजन टांगा आणि टोक किती खाली येते ते मोजा. मग तशीच दुसरी पट्टी तिच्यावर ठेवून तेच वजन टांगा. आता वाक जवळजवळ निम्मा झालेला दिसेल. म्हणजे सारखे पाटे एकावर एक ठेवले, तर त्यांच्या ताठपणांची बेरीज होते. जाडीचा नियम मात्र वेगळा आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजी ७ मिलिमीटरचा घेतला, तर त्या पाट्याचा ताठपणा ३४३ भागिले २१६, म्हणजे सुमारे १.६ पट होतो.

रिकामी टॅक्सी, भरलेली टॅक्सी

आता एक हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, टॅक्सीच्या मागच्या प्रत्येक बाजूला पाच सारखे पाटे आहेत आणि त्यांचा एकूण ताठपणा सेंटिमीटरला २० किलोग्रॅम भार आहे. सिलिंडर धरून रिकाम्या टॅक्सीचा २३० किलोग्रॅम भार त्यांवर पडतो. म्हणजे पाटे ११.५ सेंटिमीटर दबतील. उतारू आणि सामान आल्यावर भार ३५० किलोग्रॅम झाला, की दबाव १७.५ सेंटिमीटर होईल. पाटे १९ सेंटिमीटर दबल्यावर ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटत असेल, तर आता फक्त दीड सेंटिमीटर जागा उरली. प्रत्येक खड्ड्यात ‘धाडकन’ आवाज येणारच.

आता सहावा पाटा घाला. ताठपणा २४ झाला. भरलेल्या गाडीचा दबाव सुमारे १४.६ सेंटिमीटरवर आला आणि वर ४.४ सेंटिमीटर जागा मिळाली. म्हणजे गॅरेजवाल्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. भरलेल्या गाडीचे आपटणे खरोखर थांबले.

पण रिकाम्या गाडीचे काय? चाक एकाएकी ५ सेंटिमीटर उंचवट्यावर चढले, तर पूर्वी पाटे गाडीला १०० किलोग्रॅम भाराइतके जादा बल देत होते. आता ते १२० देतात. २३० किलोग्रॅम वस्तुमानावर त्यामुळे येणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४३ पट होते, ते ०.५२ पट झाले. भरलेल्या गाडीत तेच नवे बल ३५० किलोग्रॅमवर पडते आणि त्वरण ०.३४ पट होते. धक्का वाढला तो येथे!

दबावावरून आणखी एक गोष्ट कळते. ५ या संख्येला दबावाच्या, म्हणजे सेंटिमीटरांच्या, वर्गमुळाने भागले की गाडी सेकंदाला किती दोलने करील ते मिळते. दबाव २५ सेंटिमीटर असेल तर दोलन एक, ४ सेंटिमीटर असेल तर अडीच. साधारणपणे सेकंदाला एक ते दीड दोलन माणसाला सुखाचे वाटते. सेकंदाला ४ ते ८ दोलने झाली तर बसलेल्या माणसाच्या शरीराला ती सर्वांत अधिक जाणवतात. आपल्या रिकाम्या टॅक्सीची वारंवारता १.४७ होती, ती सहाव्या पाट्याने १.६२ वर गेली.

ट्रकच्या रचनाकारांनी या पेचातून एक युक्तीची वाट काढली आहे. अनेक ट्रकांच्या मुख्य पाट्यांच्या वर दुसरी एक आखूड चळत असते. ट्रक रिकामा असताना ती मोकळीच राहते. माल भरला आणि मुख्य पाटे पुरेसे दबले, की तिची टोके चौकटीला टेकतात व मगच ती मदतीला येते.

धक्का शोषतो कोण?

‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नाव फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेली ऊर्जा ती परत देते आणि गाडी झोके घेत राहते. हे झोके शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे खरे काम. यालाच अवमंदन म्हणतात. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे त्यांच्यात थोडे अवमंदन आपोआप होते. वेटोळ्याच्या स्प्रिंगेत ते जवळजवळ नसते.

शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला, तर त्रास फक्त पाठीला होत नाही. चाक रस्त्यावर उड्या मारू लागते. टायर रस्त्याला टेकलेला नसेल त्या क्षणी घर्षण नाही, आणि घर्षण नाही म्हणजे ब्रेकही नाही. पावसाळ्यात याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

घरी काय करता येईल?

प्रथम मोजमाप करा. सपाट जागी उभ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. ज्यांची वजने माहीत आहेत अशा दोघांना मागे बसवून पुन्हा मोजा. १२० किलोग्रॅम भाराने दोन्ही बाजू ३ सेंटिमीटर खाली आल्या, तर एका बाजूचा ताठपणा सेंटिमीटरला सुमारे २० किलोग्रॅम भार. घर्षणामुळे मापे थोडी बदलतात. म्हणून दर वेळी गाडी हलवून सोडा आणि तीन मापांची सरासरी घ्या.

मग गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. तो वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. दोन-तीन झोके घेतले, किंवा शॉक ॲब्सॉर्बरवर तेल झिरपलेले दिसले, तर दुखणे तेथे आहे. तेव्हा पाटा वाढवून उपयोग नाही. टायरमधील हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. डिकीतले अनावश्यक ओझे काढा. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी सुधारते.

स्प्रिंग सोडवण्याचे काम मात्र घरी करू नका. ४०० किलोग्रॅम भाराने १० सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगेत २० किलोचे वजन १ मीटरवरून पडावे इतकी ऊर्जा साठलेली असते. ती निसटली तर हात मोडेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये. गाडी बुटकी आणि ऐटबाज दिसावी म्हणून काही जण स्प्रिंगेची वेटोळी कापतात. त्याने स्प्रिंग अधिक ताठ होते आणि चाकाला वर-खाली व्हायला जागाही कमी उरते. शिवाय कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते.

तेव्हा गाडी ‘मजबूत’ करण्याआधी एक प्रश्न विचारावा : कोणत्या भारासाठी? दिवसभर माल वाहणाऱ्या टेम्पोचे उत्तर वेगळे आणि घरच्या चौघांना नेणाऱ्या मोटारीचे वेगळे.

जाता जाता एक उदाहरण. वरच्या टॅक्सीत सहावा पाटा न घालता पाचांपैकी एकच पाटा ६ ऐवजी ७ मिलिमीटर जाडीचा बसवला, तर एकूण ताठपणा शेकडा किती वाढेल? आणि ३५० किलोग्रॅम भाराखाली रबरी ठोकळ्यापर्यंत किती जागा उरेल? वहीत सोडवून पाहा.