आधी फणी, मग पाणी

‘स्पा’ हे मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. खनिज पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तेच नाव माणदेशात एका पत्र्याच्या शेडवर ‘डॉग स्पा’ असं रंगवलेलं दिसलं, तेव्हा मी गाडी थांबवलीच. रस्त्यापलीकडे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून घागरी रांगेत बसल्या होत्या.

आत टेबलावर एक गुबगुबीत लॅब्रेडॉर उभा. पुण्यात काम शिकून आलेला पोरगा त्याला अर्धा तास नुसता कोरडाच विंचरत होता. आधी तारेचा ब्रश, मग लोखंडी फणी, मग ब्लोअरचा झोत. “आंघोळ कधी?” मी विचारलं. “पाणी शेवटी, काका. दोन बादल्यांत भागवतो.” मला वाटलं, टंचाईपायी काटकसर चाललीय. कारण निराळंच होतं. टेबलाखाली पडलेल्या केसांत त्यानं बोट फिरवलं आणि एक कुसळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

या कुसळावर मी पुस्तक लिहू शकेन! कुसळी गवताच्या बीला पुढं सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेली राठ लव आणि पाठीमागे पिळलेलं लांब शेपूट. ओल लागली की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा बसतो. या फिरण्यानं बी जमिनीत रुतत जातं, आणि मागे वळलेली लव त्याला बाहेर येऊ देत नाही. घरी आल्यावर वाटीत पाणी घेऊन बघा. शेपूट डोळ्यांदेखत गिरकी घेतं. मी संपूर्ण दुपार यात घालवली आहे, बायको साक्षीला आहे.

आता हेच बी कुत्र्याच्या केसांत असताना त्याला आंघोळ घातली तर? मी घातली होती. माळावरून आलेल्या माझ्या कुत्रीला अंगणात नळाखाली धरलं, साबण लावला, कौतुकानं पुसली. आठवड्यानं ती पुढचा पाय चाटत बसू लागली. बोटांच्या फटीत गळू झालं होतं. डॉक्टरांनी भूल देऊन त्यातून कुसळ काढलं. ते तिथं कसं शिरलं याचा दोष नळाचा की माझा, हे मी स्वतःला विचारलेलं नाही.

हा किस्सा म्हसवडजवळच्या वाड्यावर एका म्हाताऱ्या धनगराला सांगितला, तर तो माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, “आधी धुतलं की कुसाळ आत शिरतंय, पावनं. मेंढराचं बी तसंच.” त्याच्या कुत्र्याला ना शाम्पू, ना ब्लोअर. रोज संध्याकाळी कान, काखा आणि बोटं चाचपायची, एवढाच त्याचा स्पा. माझ्या मते कोर्सच्या प्रमाणपत्राइतकीच या चाचपण्याची किंमत आहे.

बाकीची माहिती द्यायलाच हवी, म्हणून भरभर देतो. आपल्या कारवानी कुत्र्याची लव आखूड, त्याला खरखरीत पंच्यानं पुसलं तरी पुरतं. पश्मी जातीच्या कुत्र्याच्या कानाशेपटीला झालर असते, तिला फणी हवी. माणसाचा शाम्पू कुत्र्याला लावू नये. आपल्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास, त्याचा सातच्या जवळ. गोचिडाची मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, तेव्हा कुत्र्याबरोबर गोठाही साफ करा. रॉकेल चोळू नका, कातडी भाजते.

आणि एक भांडण. उन्हाळा आला की जर्मन शेफर्डची हजामत करून आणणारे लोक मला भेटतात. त्या दुहेरी केसांनी ऊन अडतं. कुत्रं घाम काढतं ते मुख्यतः तळव्यांतून, आणि गारवा मिळवतं धापा टाकून. सावली आणि पाण्याची परात द्या, वस्तरा ठेवून द्या. त्या शेडमधला पोरगा असलं गिऱ्हाईक परत पाठवतो. धंद्यात नुकसान सोसून हे करणाऱ्याला मी उस्ताद मानतो.

कुसळ पिकतं ते नेमकं आश्विन-कार्तिकात. दिवाळीला कुत्रं घेऊन गावी जाणार असाल, तर माळावरून परतल्यावर अंगणातला नळ सोडण्याआधी त्याचे कान आणि बोटांच्या फटी बघा.