साडेसात रुपयांची अट

१९२९ च्या जुलैमध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, बाईला फार न दमता चालवता यावा, या अटींची चर्चा पुष्कळ झाली. एका अटीकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. यंत्र वीस वर्षे चालले पाहिजे आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे जास्तीत जास्त साडेसात रुपये! बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

या हिशेबाची खरी शाळा पुढे वर्ध्यात भरली. १९३४ मध्ये मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्याच वर्षी नालवाडीत विनोबांच्या प्रेरणेने ग्राम सेवा मंडळ निघाले. १९३८ मध्ये गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. खादीच्या कामात चरखा, तकली, पिंजण या साऱ्या साधनांना ‘सरंजाम’ म्हणतात. तो बनवणे आणि नीट राखणे, दोन्ही खादीचेच काम मानले गेले.

सूत सारखे तुटू लागले की दोष पेळूलाच, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वातीलाच, द्यायचा नसतो. चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी लोखंडी सळई, काढून सपाट फरशीवर लोळवायची. थरथरली तर ती वाकली आहे. फुगलेली बाजू वर ठेवून लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके द्यायचे आणि पुन्हा लोळवून पाहायची. चमरख, म्हणजे चातीचा चामडी आधार, झिजले तर चामड्याचा नवा तुकडा कापायचा. माळ, म्हणजे चाकावरून चाती फिरवणारा दोरा, घसरली तर राळ-मेण चोळायचे. तुटली तर आपलेच सूत दुहेरी-तिहेरी वळून नवी करायची. माळेसारखा झिजणारा भाग चरखा स्वतःच पुरवतो.

पुढे एकांबरनाथांचा, एकाहून अधिक चात्यांचा अंबर चरखा आला आणि उत्पादन कितीतरी वाढले. कातणाऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडू लागले, हे कमी नव्हे. पण रबरी रुळावर खाच पडली किंवा दातेरी चाकाचा दात गेला, तर घरचा दोरा आणि तेलाचा थेंब पुरत नाही. जाणता मिस्त्री लागतो आणि सुटा भाग येईपर्यंत चरखा बसून राहतो. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. ती कोणत्याच दुरुस्तीच्या पावतीवर दिसत नाही.

मगनवाडीतल्याच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत सौर चरख्यावरही काम झाले आहे. त्याच्या उत्पादनाचा आकडा जरूर विचारावा, पण त्याआधी मोटार बंद पडली तर गावातच कोण उघडील आणि वर्षाला किती पडेल, हे विचारावे. दीडशे रुपयांची किंमत केव्हाच कालबाह्य झाली. पाच टक्क्यांची अट मात्र आजही कोणत्याही यंत्राला लावता येते.