खोक्यावर नाव तेच, आत राउटर वेगळा

२००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत हिरवे-पांढरे, छोटे लॅपटॉप येऊन दाखल झाले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक योजनेचा भारतातला हा पहिला प्रयोग. या लॅपटॉपची खरी खुबी होती पडद्याच्या दोन्ही अंगांना उघडणाऱ्या अँटेनांमध्ये. प्रत्येक लॅपटॉप शेजारच्या लॅपटॉपचा संदेश पुढे पाठवू शकत होता. मध्ये टॉवर नको, केबल नको. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून बादल्या हातोहात पुढे देतात, तशीच ही तऱ्हा. हिला म्हणतात मेश नेटवर्क.

या लॅपटॉपवरचं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. कुणीही उघडावं, वाचावं, बदलावं. पण संदेश पुढे ढकलण्याचं काम मात्र मार्व्हेल कंपनीच्या वायफाय चिपच्या पोटात चालायचं. लॅपटॉप झोपला तरी चिप जागी राहून ते करू शके, हा त्यातला फायदा. तोटा असा की चिपमधला प्रोग्रॅम बंद कुलपात होता. चूक सापडली तरी बाहेरच्या माणसाला ती दुरुस्त करता येत नसे. लॅपटॉपच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदलली आणि तिच्याबरोबर चिपमधली मेशही गेली.

लोकांनी लोकांसाठी उभारलेल्या मेश नेटवर्कांपुढचा प्रश्न आजही हाच आहे. फर्मवेअर, म्हणजे राउटरला चालवणारं सॉफ्टवेअर, लिहायला उत्साही मंडळी जगभर आहेत. पण ते ज्या यंत्रावर चालायचं, ते यंत्र त्यांच्या हातात नाही. उद्या कोणत्या राउटरवर ते चालेल, हे बरंचसं ठरतं राउटर कंपनीच्या खरेदी विभागात.

या खुल्या फर्मवेअरची सुरुवात मोठी गमतीची आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. आत लिनक्स होतं, आणि लिनक्सचा परवाना सांगतो की यंत्र विकलंत तर त्यातला कोडही द्या. कंपनीने तो दिला नव्हता. २००३मध्ये बोभाटा झाला, तोवर लिंक्सिस सिस्कोच्या मालकीची झाली होती, आणि अखेर कोड खुला करावा लागला. त्याच्या पायावर २००४मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. आजची बहुतेक ओपन सोर्स मेश फर्मवेअर याच झाडाच्या फांद्या आहेत. बर्लिनमधून सुरू झालेल्या ‘फ्रायफुंक’ या जर्मन चळवळीचं ‘ग्लूऑन’ त्यातलंच, आणि अर्जेंटिना, स्पेन, इटलीच्या मंडळींनी मिळून केलेलं ‘लिब्रेमेश’ही.

हौशी लोक या निळ्या डब्यावर तुटून पडले. मग २००५मध्ये त्याच नावाच्या राउटरची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात मेमरी निम्मी केलेली होती. फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, ४ एमबीची २ झाली, रॅम १६ची ८. त्यात लिनक्स मावेना, म्हणून कंपनीने दुसरीच प्रणाली घातली. लोकांनी आरडाओरडा केल्यावर जुन्या मेमरीचं मॉडेल नावापुढे ‘एल’ लावून वेगळं विकायला काढलं. एका राउटरमागे थोडे पैसे वाचवण्याचा निर्णय, पण त्यापायी कितीतरी गच्च्यांवरचे बेत बदलले असतील.

ही खोड पुढे सगळ्यांनाच लागली. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन हा स्वस्त राउटर घ्या. फ्रायफुंकच्या कार्यकर्त्यांचा तो वर्षानुवर्षं लाडका. खोक्यावर नाव एकच, पण तळाच्या स्टिकरवर बारीक अक्षरात आवृत्ती छापलेली. नवव्या आवृत्तीत क्वालकॉम-अथेरॉसची चिप, ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. तेराव्या आवृत्तीत चिप मीडियाटेकची, मेमरी दुप्पट. चौदाव्या आवृत्तीत चिप मीडियाटेकचीच, पण मेमरी पुन्हा ४ आणि ३२वर. दुकानदाराला याचा पत्ता नसतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

दरम्यान लिनक्सचा गाभा दरवर्षी फुगत गेला. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर ओपनडब्ल्यूआरटीने आधी नापसंतीच्या यादीत टाकले, मग सोडून दिले. पुढे ८ आणि ६४वालेही नापसंतीच्या यादीत गेले. आता निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असलेलाच राउटर घ्या, असं ते सांगतात. ज्या नेटवर्कमध्ये शेकडो राउटर लोकांच्या खिडक्यांत आणि छपरांवर बसवलेले आहेत, तिथे याचा अर्थ सरळ आहे. दारोदार जाऊन चालते डबे उतरवायचे, नाहीतर सुरक्षेचे नवे अपडेट न मिळणारे राउटर तसेच ठेवायचे. दुसरा पर्याय सोपा म्हणून बऱ्याचदा तोच निवडला जातो, आणि तो चुकीचा आहे.

नव्या राउटरला ‘आधार’ मिळतो म्हणजे नेमकं काय होतं? कुणीतरी एकजण स्वतःच्या पैशाने तो विकत आणतो आणि वॉरंटीचं स्टिकर फाडून उघडतो. बोर्डावर एका रांगेत तीन-चार बारीक भोकं असतात, तिथे सिरियल जोडणीच्या तारा डाखतो. एक तार पाठवणारी, एक घेणारी, एक ग्राउंड. वीजपुरवठ्याच्या चौथ्या टोकाला हात लावायचा नाही, हा नवशिक्यांना दिला जाणारा पहिला धडा. तारेचं दुसरं टोक कॉम्प्युटरला जोडून राउटर चालू केला की पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागतात. कोणती चिप, किती मेमरी, फ्लॅशचे कोणते भाग कुठे, सगळं त्यात येतं. नेमक्या क्षणी कळ दाबून राउटरला मध्येच थांबवायचं आणि नवं फर्मवेअर फ्लॅशला न लावता आधी रॅममध्येच चालवून बघायचं.

त्याआधी मूळ फ्लॅशची पूर्ण प्रत काढून ठेवायची, हे मात्र विसरायचं नाही. फ्लॅशच्या एका छोट्या कोपऱ्यात त्या राउटरच्या रेडिओची कारखान्यात केलेली मोजमापं असतात. ती प्रत्येक नगाची वेगळी. एकदा पुसली गेली की दुसऱ्या राउटरची उसनी आणून भागत नाही, वायफाय कायमचं अधू होतं. हे सगळं सांभाळून झालं की कोणता दिवा कोणत्या पिनवर, कोणतं बटण कुठे, याची एक फाइल लिहायची आणि ती प्रकल्पाकडे पाठवायची. अनुभवी लोक ती तपासतात, चुका काढतात, परत पाठवतात. या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. कंपनीने सहा महिन्यांनी आतली चिप बदलली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मेमरी वाढवून मिळेल, तारा डाखता येतील, रेडिओचं काय? खरी अडचण तिथे आहे. वायफायच्या ८०२.११एन पिढीतल्या अथेरॉसच्या चिपसाठी २००८मध्ये खुला ड्रायव्हर आला. तिच्यात जवळजवळ सगळा कारभार ड्रायव्हरकडे, म्हणजे वाचता-बदलता येणाऱ्या कोडकडे होता. मेशचे अनेक प्रयोग त्या चिपवर झाले. पुढच्या ८०२.११एसी पिढीत वेग वाढला, पण निर्णय चिपमधल्या बंद प्रोग्रॅमकडे गेले. त्या प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती आत आहे, यावर मेश चालणार की नाही हे ठरू लागलं. खैराटच्या लॅपटॉपची गोष्ट पुन्हा आली, फक्त वेग जास्त.

म्हणून अर्जेंटिनाच्या कोर्दोबा प्रांतातल्या ‘आल्तेरमुंडी’ संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्वतःचा ‘लिब्रेराउटर’ बनवायला घेतला, तेव्हा मुद्दाम जुन्या पिढीच्या चिपवर भर दिला. बाजारात नवी चिप असताना जुनी घेणं वेडेपणाचं वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. त्यात तीन रेडिओ आहेत. एक गावातल्या फोनसाठी, दोन राउटर-राउटरमधल्या दुव्यांसाठी. एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्यानेच पुढे सांगायचं म्हटलं की प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. आपल्याकडे धरमशाळेला २००५मध्ये, घराबाहेरच्या वायफायवरचे निर्बंध उठताच, डोंगरउतारावर मेश उभी राहिली तेव्हा सगळे राउटर एकाच चॅनेलवर होते. तिथल्या मंडळींना ही अडचण चांगलीच ठाऊक असणार.

कायद्यानेही एकदा गळ्याशी आणलं होतं. विमानतळांजवळच्या हवामान रडारला ५ गिगाहर्ट्झचे राउटर त्रास देतात, म्हणून एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने २०१५मध्ये कंपन्यांना विचारलं की राउटरवर परकं फर्मवेअर बसू नये यासाठी काय बंदोबस्त केलात? कंपन्यांसाठी सर्वांत सोपा बंदोबस्त म्हणजे सगळाच राउटर कुलूपबंद. इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ आणि २५०हून अधिक तज्ज्ञांनी याविरुद्ध एफसीसीला पत्र लिहिलं. गंमत म्हणजे २०१६मध्ये टीपी-लिंकला ठरल्यापेक्षा जास्त शक्तीने चालू शकणाऱ्या राउटरबद्दल २ लाख डॉलर दंड झाला, तेव्हा त्याच एफसीसीने तडजोडीत परक्या फर्मवेअरला वाव ठेवण्याचं आश्वासन कंपनीकडून घेतलं.

मग पुढे काय? दोन गोष्टी आशेच्या आहेत. मीडियाटेकच्या वायफाय चिपचा खुला ड्रायव्हर ओपनडब्ल्यूआरटीतल्याच मंडळींच्या देखरेखीखाली वाढतो आहे. चिपमधला काही भाग तिथेही बंद आहे, पण दार निदान किलकिलं आहे. ब्रॉडकॉमच्या नव्या चिपबाबत तेवढंही म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रकल्पाने स्वतःच आराखडा ठरवून, बनाना पायकडून बनवून घेतलेला हा राउटर ८९ डॉलरला बाजारात आणला. १ जीबी रॅम, वायफाय ६, आणि दोन वेगवेगळ्या फ्लॅश. एकीतलं फर्मवेअर बिघडलं तर एक बटण सरकवून दुसरीवरून राउटर पुन्हा उभा करता येतो. गावात पन्नास डबे बसवणाऱ्यासाठी ८९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसात हजार रुपयांच्या आसपास, जास्तच. पण कुणाच्या खरेदी विभागाच्या लहरीवर न चालणारा राउटर असू शकतो, हे त्याने दाखवलं.

आपल्याकडे दुकानात ‘मेश’ म्हणून जो तीन डब्यांचा संच मिळतो तो बहुधा आपल्याच कंपनीच्या डब्यांशी बोलतो, आणि कंपनीने अपडेट थांबवले की विषय संपतो. खुलं फर्मवेअर घालायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल शोधा. नुसतं नाव जुळून उपयोग नाही, दुकानदाराला खोकं उलटं करायला सांगून आवृत्तीही जुळवा. रॅम १२८ एमबीपेक्षा कमी असेल तर सवलत कितीही असो, घेऊ नका.